बाटली फेकलीत, बिल ठेवलंत का?

ताई,
आम्ही कराडजवळच्या गावात राहतो. खोकल्याच्या औषधानं लहान मुलं गेल्याची बातमी टीव्हीवर आली आणि माझं चित्तच थाऱ्यावर राहिलं नाही. माझी लेक दीड वर्षाची. सर्दी झाली म्हणून त्याच्या आदल्या आठवड्यात मेडिकलमधून एक सिरप आणून तीन दिवस दिलं होतं. नाव वेगळं होतं, लेक आता ठणठणीत आहे, पण मी बाटली उकिरड्यावर फेकून दिली. तेवढ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर यादी आली, ‘सरकारने नापास केलेली औषधे’. त्यात आण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, बीपीच्या गोळीचं नाव. त्या दिवसापासून आण्णांनी गोळी बंद केली, आज बारा दिवस झाले. मेडिकलवाले दादा म्हणतात, काही होत नाही, खा बिनधास्त. भावजी म्हणतात, दिल्लीत एवढं मोठं खातं बसवलंय ते नुसतं झोपा काढतंय, उद्या कुलूप लावलं तरी फरक पडायचा नाही. लेकीचा दीड वर्षाचा डोस राहिलाय. आशाताई दोनदा येऊन गेल्या, पण माझी हिंमत होत नाही. लसही तेच खातं पास करतं ना? हे खातं नक्की करतं काय, आणि आम्ही भरवसा कुणाचा धरायचा? सोबत आण्णांच्या गोळीच्या पाकिटाचा फोटो पाठवतेय.
– एक सून, कराड तालुका

तुमचे प्रश्न दोन आहेत, पण आधी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. आण्णांना आजच बीपी मोजायला न्या. हा मजकूर वाचून संपायची वाट बघू नका, तो रात्रीही वाचता येईल.

रक्तदाब चढला की माणसाला कळतंच असं नाही. काही गोळ्या तर अशा असतात की अचानक सोडल्या तर आकडा आधीपेक्षाही वर उसळतो. डॉक्टरांना खरं ते सांगा, बारा दिवस गोळी घेतलेली नाही म्हणून. रागावतील, रागावू देत. राहिलेल्या भरून काढायच्या म्हणून दोन-दोन गोळ्या मात्र घेऊ देऊ नका. चिठ्ठी नवी करून घ्या, नवं पाकीट आणा आणि गोळी डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून सुरू करा. आण्णांना समजावायचं झालं तर एवढं सांगा: नापास गोळीत औषध थोडं कमी असेल, पण बंद केलेल्या गोळीत ते शून्य आहे.

आता लेकीचं. सिरप पोटात जाऊन इतके दिवस झाले आणि पोर खेळतंय, खातंय, लघवी नेहमीसारखी होतेय, तर घाबरू नका. विषारी सिरपचा परिणाम काही दिवसांतच दिसू लागतो: उलट्या, गुंगी, आणि मुख्य म्हणजे लघवी कमी होणं किंवा थांबणं. यापुढे कधीही औषधानंतर मुलाची लघवी कमी झाली तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. आणि दीड वर्षाच्या मुलाला सर्दी-खोकल्याचं सिरप मेडिकलमधून विचारून आणायचं नसतं. केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये सगळ्या राज्यांना कळवलं आहे की दोन वर्षांखालच्या मुलांना ही औषधं लिहून देऊ नयेत आणि पाच वर्षांखालच्यांनाही एरवी त्यांची शिफारस नाही. मुलांचा साधा खोकला बहुतेक वेळा आपल्या आपण जातो. आपल्याला धीर नसतो, तो बाटलीतून विकत मिळतो असं वाटतं. मी हे तुम्हाला टोचायला लिहीत नाही, मी स्वतः माझ्या मुलाला त्या वयात असली सिरपं पाजलेली आहेत, आणि माझी तर नोकरीच औषध निरीक्षकाची होती.

हो, एकतीस वर्षं. त्यामुळे भावजींच्या ‘झोपा काढतंय’चं उत्तर द्यायचा मला अधिकारही आहे आणि थोडा संकोचही.

लोकांना वाटतं दिल्लीत कुणीतरी बसलंय आणि प्रत्येक बाटली तपासून, शिक्का मारून पुढे सोडतंय. असं जगात कुठंच होत नाही, अमेरिकेतही नाही. गोळ्यांच्या आणि सिरपच्या बाबतीत पहिली तपासणी बनवणाऱ्यानंच करायची असते. कारखान्यात आलेला कच्चा माल तपासायचा, तयार झालेली प्रत्येक बॅच तपासायची, नोंद करायची, जबाबदार माणसानं सही करायची आणि मगच माल बाहेर काढायचा. सरकार काय करतं, तर हे सगळं करण्याची ऐपत आहे का ते बघून परवाना देतं, मधूनमधून कारखान्यात जाऊन नोंदवह्या चाळतं आणि बाजारातून नमुने उचलून आपल्या प्रयोगशाळेत तपासतं. म्हणजे आमचं खातं बरंचसं परीक्षेनंतर पेपर तपासणाऱ्या मास्तरासारखं. वर्गात सगळ्यांच्या मागे उभं राहायला तेवढी माणसं कधीच नव्हती.

लशीचं मात्र वेगळं आहे, आणि म्हणून तुमची आशाताई बरोबर आहे. लशीची प्रत्येक बॅच कारखान्यातून निघाल्यावर सरकारी प्रयोगशाळेच्या हाताखालून जाते आणि तिथून सुटल्याशिवाय ती तुमच्या उपकेंद्रात पोचत नाही. ही मुख्य प्रयोगशाळा हिमाचल प्रदेशात कसौलीला आहे. कोविडच्या गर्दीत हेच काम करायला पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रालाही अधिकार दिले होते. पुण्याहून जगभर लस जाते म्हणून या कामावर बाहेरच्यांचीही नजर असते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ मध्ये भारताची लस-नियमनाची व्यवस्था तपासून तिला तिसरी पातळी दिली, म्हणजे घडी नीट बसलेली, व्यवस्थित चालणारी यंत्रणा. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा बूस्टर राहिलाय ना? पुढच्या लसीकरणाच्या दिवशी न्या. ताप येईल, मांडी दुखेल, रडेल. गोवर झाला तर त्याहून फार जास्त रडावं लागतं.

मग सिरपची प्रत्येक बॅच का नाही तशी तपासत? संख्या. लशी बनवणारे कारखाने मोजके, आणि औषधांचे हजारो. त्यातले कितीतरी दोन शेड आणि एक यंत्र एवढ्यावर चालणारे.

आता ‘दिल्लीचं खातं’ म्हणजे काय ते. त्याचं नाव केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, बातम्यांत सीडीएससीओ म्हणतात, आणि त्याच्या प्रमुखाला औषध महानियंत्रक. नवं औषध देशात येऊ द्यायचं की नाही, माणसांवर त्याच्या चाचण्या कशा घ्यायच्या, परदेशातून काय आणायचं, लस, रक्तापासून बनणारी औषधं, सलाईनच्या बाटल्या, ही कामं दिल्लीची किंवा दिल्लीच्या संमतीनं होणारी. घरातलं ग्लुकोमीटर, बीपीचं यंत्र, थर्मामीटर, नेब्युलायझरसुद्धा आता याच कायद्याखाली येतात. पण एखादं औषध मंजूर होऊन चार वर्षं झाली की ते ‘नवं’ राहत नाही. पुढे ते बनवण्याचा परवाना राज्य सरकार देतं. तुमच्या मेडिकलचा परवाना राज्याचा, आण्णांच्या गोळीच्या कारखान्याचा परवाना राज्याचा, दुकानात येणारा निरीक्षक राज्याचा. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन करतं, तेच एफडीए ज्याच्या मिठाईच्या आणि खव्याच्या धाडी दिवाळीला टीव्हीवर दिसतात. कायदा मात्र सगळ्यांना एकच, १९४० सालचा, इंग्रजांच्या काळातला, वेळोवेळी ठिगळं लावलेला.

तुम्ही टीव्हीवर बघितलेलं छिंदवाड्याचं सिरपचं प्रकरण या वाटणीच्या चष्म्यातून बघा. कारखाना तामिळनाडूत, कांचीपुरम जिल्ह्यात. परवाना तामिळनाडूचा. मुलं मध्य प्रदेशातली. आणि मूत्रपिंडं निकामी झालेली ती पोरं आणली कुठं, तर आपल्या नागपुरात. एकामागून एक तशीच मुलं येऊ लागली, मूत्रपिंडाच्या बायोप्सीत विषबाधेसारखी इजा दिसली, तेव्हा डॉक्टरांचा संशय औषधाकडे वळला. मध्य प्रदेशानं तामिळनाडूला कळवलं, तिथले निरीक्षक कारखान्यात गेले आणि एक-दोन दिवसांत अहवाल आला: सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के. परवानगी असते ०.१ टक्क्यापर्यंत. वीसहून जास्त मुलं गेली.

एक-दोन दिवसांत. यावर मी पुन्हा पुन्हा विचार करते. विष शोधायला वेळ लागला नाही, कुठं शोधायचं ते कळायला लागला. आणि कळवलं कुणी, तर वॉर्डातल्या डॉक्टरांनी आणि आईबापांनी. कुठलीही नियामक संस्था, दिल्लीची असो की वॉशिंग्टनची, शेवटी खालून वर येणाऱ्या अशा खबरीवर उभी असते.

हे विष आपल्याला नवं नाही हे सांगायला मला जड जातं. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जेजे रुग्णालयात चौदा रुग्ण गेले. त्यांना ग्लिसरीन दिलं होतं, आणि त्यात हेच डायइथिलीन ग्लायकॉल होतं. ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल हे औषध विरघळवायला, सिरपला दाटपणा आणि गोडी आणायला वापरतात. डायइथिलीन ग्लायकॉलही तसंच: पारदर्शक, दाट, चवीला गोड, आणि स्वस्त, कारखान्यांत वापरायचं. पिंपावरचं लेबल वाचून विश्वास ठेवला आणि पिंपातला माल तपासला नाही की घात होतो. जेजेच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमला होता. अहवालात रुग्णालय, पुरवठादार, आमचं खातं, मंत्री, कुणाचीच गय केलेली नव्हती. आरोग्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. मी नोकरीला लागले तेव्हा आमचे वरिष्ठ नव्या निरीक्षकांना तो अहवाल वाचायला लावायचे. नंतर ती पद्धत बंद पडली, का ते कुणाला विचारलं नाही मी, विचारायला हवं होतं.

२०२२ मध्ये आफ्रिकेतल्या गांबियात सत्तरच्या आसपास मुलं गेली आणि भारतात बनलेल्या सिरपकडे बोट दाखवलं गेलं. त्याच वर्षाअखेर उझबेकिस्तानात तसंच. मग आपल्या सरकारनं १ जून २०२३ पासून नियम केला: खोकल्याचं सिरप निर्यात करायचं तर आधी नेमून दिलेल्या प्रयोगशाळेतून तपासून प्रमाणपत्र घ्या. चांगला नियम. पण म्हणजे बोटीत चढणारी बाटली तपासून जाणार आणि कराडच्या एसटी स्टँडजवळ विकली जाणारी कारखान्याच्या शब्दावर, हे मला तेव्हाही पचलं नव्हतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये महानियंत्रकांनी राज्यांना पत्र पाठवलं की कच्चा माल आणि प्रत्येक बॅच तपासली जाते याची खात्री करा. हा नियम आधीपासून होताच. पत्रानं त्याची आठवण करून दिली.

अजून एक मनातलं बोलते. २०२३ मध्ये कायदा बदलला आणि ‘अप्रमाणित’, म्हणजे ठरलेल्या मापांत कमी पडलेल्या, औषधाच्या काही गुन्ह्यांत रक्कम भरून तडजोड करायची सोय झाली. सरकारचं म्हणणं, प्रत्येक बारीक चुकीसाठी कारखानदाराला कोर्टात खेचू नये. म्हणणं अगदीच चुकीचं नाही, गोळीचा रंग जरा उडाला म्हणून तुरुंग कशाला. पण पैसे भरून सुटता येतं हे एकदा कळलं की काही लोक तो खर्चात धरतात. भेसळीच्या किंवा बनावट औषधामुळे मृत्यू झाला तर मात्र अशी सवलत नाही, तिथं दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

आता तुमची व्हॉट्सअ‍ॅपची यादी. अशी यादी खरोखर निघते, दर महिन्याला, सीडीएससीओच्या संकेतस्थळावर. त्या महिन्यात तपासलेल्या नमुन्यांपैकी जे कसोटीला उतरले नाहीत ते त्यात असतात. पण मूळ यादीत औषधाच्या नावापुढे बॅच नंबर असतो, बनवल्याची आणि मुदत संपण्याची तारीख असते, कारखान्याचं नाव असतं आणि नापास का ते लिहिलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताना नाव तेवढं उरतं, बाकी सगळं गळून पडतं. एक गोळी पन्नास कंपन्या बनवतात, एकेक कंपनी वर्षाला शेकडो बॅच काढते. त्यातली एक बॅच नापास झाली म्हणून ती गोळी नापास होत नाही. गोकुळातल्या एका पिशवीचं दूध नासलं म्हणून गोठा विकायचा का?

नापास होण्याच्याही तऱ्हा आहेत. औषधसंहितेत लिहिलेली मापं असतात: गोळीत औषध किती असावं, पोटात किती वेळात विरघळावी, रंग-रूप कसं असावं. त्यात कमी पडली तर ती ‘अप्रमाणित’. विरघळायला उशीर करणारी गोळी खाऊन माणूस मरत नाही, पण बीपी नीट उतरत नाही. याहून वाईट ती ‘बनावट’, म्हणजे दुसऱ्याच्या नावानं कुणीतरी बनवलेली. नागपूर जिल्ह्यात कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून २०२३ मध्ये उचललेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांत औषध सापडलंच नव्हतं. ती साखळी पुढे परराज्यांपर्यंत उकलत गेली. सरकारी दवाखान्याला पुरवलेल्या गोळ्या होत्या त्या. आणि ऑगस्ट २०२४ च्या केंद्राच्या यादीत नामांकित कंपन्यांची नावं आली तेव्हा त्यातल्या काहींनी सांगितलं की ही बॅच आमची नाहीच, कुणीतरी आमच्या नावानं काढलीय. म्हणून ‘भारी कंपनीची आहे, चिंता नाही’ हेही मी छातीठोकपणे सांगणार नाही, आणि ‘जेनेरिक म्हणजे पाण्याची गोळी’ हे तर मुळीच नाही. दोघींना कसोटी एकच, मापं तीच.

तेव्हा सगळं येऊन थांबतं त्या बारीक अक्षरांतल्या बॅच नंबरावर. आणि इथं मला तुमच्या मेडिकलवाल्या दादांशी भांडायचंय.

तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून बघितला. पाकीट कात्रीनं कापलेलं आहे. पाच गोळ्या तुमच्याकडे आल्या आणि बॅच, तारीख छापलेलं टोक बाकीच्या पाच गोळ्यांबरोबर दुसऱ्या कुणाच्या घरी गेलं. ही सवय खेड्यापाड्यात सर्रास आहे. त्यात दुकानदाराचाच दोष आहे असं नाही, पूर्ण पाकिटाचे पैसे महिन्याच्या शेवटी कुणाकडे असतात? पण मग बिल तरी हवं. औषधाच्या बिलावर कारखान्याचं नाव, बॅच नंबर आणि मुदत लिहिणं दुकानदारावर बंधनकारक आहे. ते मागितलं की ‘जीएसटी लागेल’ म्हणून घाबरवतात. हसून सांगा, किमतीत तो आधीच धरलाय, बिल द्या.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक निवृत्त गुरुजी सायकलवरून आमच्या कार्यालयात आले होते. फडक्यात गुंडाळलेली सिरपची बाटली, तळाशी हाताएवढा नाही पण बोटभर साका बसलेला, हलवला तरी मिसळेना. सोबत चार घड्या घातलेलं बिल. आम्ही त्या दुकानात गेलो, त्याच बॅचच्या शिल्लक बाटल्या कायद्याप्रमाणे विकत घेतल्या, चार भाग केले, लाखेचं सील लावलं, दुकानदाराची सही घेतली. एक भाग त्याच्याकडे ठेवायचा असतो, म्हणजे उद्या तो म्हणू शकत नाही की तुम्हीच काहीतरी मिसळलंत. अहवाल आला, नापास. घाऊक विक्रेत्याच्या वहीवरून माल कुठं कुठं गेला ते निघालं आणि चार तालुक्यांतून परत मागवला. निम्मा विकून झाला होता, हेही खरं. पण निम्मा सापडला तो गुरुजींच्या त्या कागदाच्या चिटोऱ्यामुळे.

त्याच महिन्यात दुसरे एक गृहस्थ आले, गुरुजींपेक्षा दसपट संतापलेले. बायकोला इंजेक्शननंतर रिअ‍ॅक्शन आली होती. बाटली फेकलेली, बिल घेतलेलं नाही, डॉक्टरांची चिठ्ठी हरवलेली, औषधाचं नावही ‘ते पांढरं’ एवढंच. तासभर आम्हाला शिव्या देऊन गेले. मी ऐकून घेतल्या. पण शोधू कुठं?

म्हणून तुम्ही सिरपची बाटली उकिरड्यावर टाकलीत ते वाचून मला हळहळ वाटली. संशय आला तर औषध बंद करा, पण बाटली झाकण घट्ट लावून मुलांच्या हाताला लागणार नाही अशी उंचावर ठेवून द्या, बिलासकट. मग महाराष्ट्राच्या एफडीएचा टोल फ्री नंबर आहे १८००-२२२-३६५, त्यावर कळवा, किंवा सातारला सहायक आयुक्त, औषधे यांच्या कार्यालयात जाऊन लेखी द्या आणि पोच घ्या. पोच घ्याच. बाटली त्यांना द्याल तेव्हा आधी बाटलीचे, लेबलचे, बिलाचे फोटो काढून ठेवा.

एक वाट अशी आहे जी मला एकतीस वर्षांत जेमतेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या लोकांनी विचारली. १९४० च्या त्या कायद्याचं कलम २६. निरीक्षकाची वाट न बघता कोणीही साधा माणूस, किंवा मान्यता असलेली ग्राहक संघटना, स्वतः विकत घेतलेलं औषध ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकते आणि सहीचा अहवाल मिळवू शकते. तुमच्या बचत गटानं एकदा करून बघावं असं हे काम आहे. भावजींनाच पाठवा अर्ज घेऊन, खातं झोपलंय का ते प्रत्यक्ष बघून येतील.

औषध चांगलं असूनही अंगावर उलटलं, पुरळ उठलं, चक्कर आली, तर ती गोष्ट वेगळी. ती कळवायला १८००-१८०-३०२४ हा नंबर आहे. गाझियाबादचा औषधसंहिता आयोग या नोंदी गोळा करतो. रुग्ण स्वतः कळवू शकतो, डॉक्टरच हवा असं नाही. या नोंदींवरूनच पुढे एखाद्या औषधाच्या खोक्यावर नवा इशारा छापायला लावतात. डॉक्टर चुकले, किंमत जास्त लावली, प्रोटीन पावडरमध्ये भेसळ निघाली, या तक्रारींची दारं निराळी आहेत. त्या घेऊन औषध निरीक्षकाकडे गेलात तर तो हात वर करेल आणि ते खरंच त्याच्या हातात नसेल.

भरवसा कुणाचा धरायचा, हा तुमचा दुसरा प्रश्न. मेडिकलवाल्या दादांचा ‘बिनधास्त खा’ मला नको आणि भावजींचं ‘कुलूप लावा’ही नको. कुलूप लावून बघायचं असेल तर हा कायदा यायच्या आधीचा बाजार आठवावा. १९३० मध्ये कर्नल चोप्रांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, कारण देशभर कसलीही औषधं कुणीही विकत होतं आणि त्यांना विचारणारं कुणी नव्हतं. आमचं खातं माणसांनी कमी, प्रयोगशाळांनी कमी, राज्याराज्यांत वाटलेलं, अहवालाला उशीर करणारं आहे. नापास बॅचचा अहवाल येईपर्यंत माल अनेकदा लोकांच्या पोटात गेलेला असतो, हे मी नाकारणार नाही. महिन्याची यादी इंग्रजीत निघते, ती मराठीत आणि प्रत्येक मेडिकलच्या काचेवर लागायला काय हरकत आहे, हे मी नोकरीत असताना दोनदा लेखी विचारलं होतं. दोन्ही वेळा पत्र मिळाल्याची पोच आली.

आता आण्णांच्या गोळीचं, म्हणजे जी तुमच्या हातात आहे तिचं. यादीतला बॅच नंबर आणि आण्णांच्या पाकिटाचा बॅच नंबर जुळतो का, हे तुम्ही मला फोटो पाठवून विचारलंत असं मी धरते. कापलेल्या पाकिटावरून ते सांगता येत नाही. दुकानदाराकडे खरेदीची बिलं असतात, त्याला ती ठेवावीच लागतात. दादांना सांगा, त्या आठवड्यात ही गोळी कुठल्या बॅचची आली होती ते बघून द्या. न रागावता सांगा, गावात एकच मेडिकल असतं आणि रात्री अकराला तेच उघडावं लागतं. काही बड्या ब्रँडच्या पाकिटावर २०२३ पासून क्यूआर कोडही छापतात. आण्णांच्या पाकिटावर असेल तर भावजींच्या मोबाइलवर स्कॅन करा, बॅच, तारीख आणि कारखान्याचा परवाना क्रमांक दिसेल.

नंबर मिळाला तर केंद्राच्या यादीशी ताडून बघा, नाहीतर मला पाठवा, मी बघते. जुळला तर त्या उरलेल्या गोळ्या फेकू नका, वर लिहिलंय तसं सातारला कळवा. नाही जुळला तरी मला कळवा. पत्रासोबत आण्णांच्या बीपीचा आजचा आकडाही लिहा.